कौशल्ये शिकवणाऱ्या शिक्षकाच्या हाती काय दिले?

महोदय,

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ची अंमलबजावणी राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांच्या पदवी वर्गांत २०२४-२५ पासून सुरू झाली. तेव्हापासून वेळापत्रकात क्षमतावृद्धी, कौशल्यवृद्धी, व्यावसायिक कौशल्य, क्षेत्र प्रकल्प, कार्यप्रशिक्षण (प्रत्यक्ष कामाच्या जागी घेतलेले प्रशिक्षण) असे नवे रकाने आले आहेत. नेमके बोलणे-लिहिणे, चार जणांत मिळून काम करणे, माहिती पडताळून निर्णय घेणे, हाती असलेल्या वेळाची आखणी करणे ही कौशल्ये पुढच्या शिक्षणातही उपयोगी पडतात आणि नोकरी-धंद्यातही. ती शिकवण्याची जबाबदारी इतक्या उघडपणे महाविद्यालयीन शिक्षकावर यापूर्वी कधी आली नव्हती. या उद्दिष्टाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी एकवीस वर्षे वाणिज्य शिकवतो आणि रविवारी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर समंत्रक, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, म्हणून काम करतो, त्यामुळे या कौशल्यांवाचून मुलांचे किती अडते हे रोज डोळ्यांसमोर असते. परंतु ही कौशल्ये शिकवायची कशी, हे शिक्षकाला कोणी दाखवलेले नाही, आणि त्यासाठी लागणारा वेळही त्याच्या पदरात टाकलेला नाही. याविषयी आपल्या पत्राद्वारे काही मांडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या वर्षी एम. कॉम. प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी कार्यप्रशिक्षणासाठी गावातल्या एका पतसंस्थेत जात होती. पिग्मी गोळा करणाऱ्या प्रतिनिधींच्या दिवसभराच्या रकमा वहीत उतरवायच्या आणि त्यांची बेरीज जमा झालेल्या रोख रकमेशी ताडून पाहायची, हे तिचे काम. एका संध्याकाळी ४५० रुपयांचा फरक निघाला. तिने बेरीज तीनदा केली, नोटा दोनदा मोजल्या, आणि शेवटी रडकुंडीला येऊन रोखपालांना सांगितले. त्यांनी फरकाचा आकडा ऐकला आणि म्हणाले, "४५० ला नऊने भाग जातो ना, मग कुठेतरी आकडे उलटे पडलेत, ते बघ." दोन मिनिटांत चूक सापडली. २,३८० च्या जागी २,८३० लिहिले गेले होते. दुसऱ्या दिवशी ती महाविद्यालयात आली आणि मला म्हणाली, "सर, हे तर तुम्ही बी. कॉम.ला शिकवलं होतं, तेरीज (ट्रायल बॅलन्स, म्हणजे जमा-नावे बेरजांचा ताळा) जुळत नाही तेव्हा काय बघायचं त्यात. पेपरात आलं असतं तर मी लगेच सोडवलं असतं."

तिच्या या वाक्याने मी अस्वस्थ झालो, कारण त्यात तिची काहीच चूक नव्हती. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली की येणारा फरक नेहमी नऊच्या पटीत असतो, हा अंकांचा गुणधर्म आहे. तो तेरजेपुरता नाही, तो पिग्मीच्या वहीलाही लागू आहे, दूध संकलन केंद्राच्या नोंदींनाही आणि घरच्या वाणसामानाच्या हिशेबालाही. मी मात्र तो 'चुकांची दुरुस्ती' या प्रकरणात, एकाच पुस्तकातल्या चार उदाहरणांवर, प्रत्येक वेळी तेरीज या शब्दाखाली शिकवला होता. तो आणखी कुठे चालतो हे मी कधी बोललो नव्हतो, आणि मुलांना कधी शोधायलाही लावले नव्हते. तिने युक्ती शिकली ती त्या पानासकट, आणि पान समोर नसताना युक्तीही तिला आठवली नाही.

एका जागी शिकलेले दुसऱ्या जागी आपोआप जात नाही, ही गोष्ट शिक्षणशास्त्राला फार जुनी आहे. लॅटिन किंवा भूमिती घोकल्याने बुद्धीला एकूणच धार येते, असा जो समज त्या काळी पाश्चात्त्य शिक्षणात रूढ होता, त्याला १९०१ साली थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगाने आव्हान दिले. विशिष्ट आकारांच्या आकृत्यांचे क्षेत्रफळ नजरेने अजमावण्याचा सराव दिलेली माणसे वेगळ्या आकाराच्या आकृत्या समोर आल्यावर त्या प्रमाणात सुधारलेली दिसली नाहीत. पुढे १९८० मध्ये गिक आणि होलिओक या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना आधी एक गोष्ट वाचायला दिली. किल्ल्याकडे जाणारे सगळे रस्ते मोठी फौज गेली तरच फुटणाऱ्या सुरुंगांनी भरलेले असल्यामुळे सेनापती आपल्या फौजेच्या लहान तुकड्या करून त्या वेगवेगळ्या वाटांनी एकाच वेळी किल्ल्यावर आणतो, अशी ती गोष्ट. त्यानंतर पोटातल्या गाठीवर निरोगी भागाला इजा न होता किरण कसे सोडावेत, असे कोडे घातले. उत्तर गोष्टीतच होते: सौम्य किरण अनेक दिशांनी एकाच वेळी गाठीवर सोडायचे. तरीही बहुतेकांना ते सुचले नाही, आणि 'मघाच्या गोष्टीचा उपयोग होतो का पाहा' एवढे म्हणताच बहुतेकांना सुचले. त्याच दोघांनी पुढे दाखवले की, एकाच तत्त्वाच्या दोन वेगळ्या गोष्टी शेजारी ठेवून त्यांत सारखे काय आहे हे लोकांना शोधायला लावले, तर तत्त्व अधिक जणांच्या हाती लागते.

अगदी अलीकडचे आणि आपल्याच देशातले उदाहरण २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आले आहे. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासह संशोधकांच्या एका गटाने कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत विक्री करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांचा अभ्यास केला. ही मुले आठशे ग्रॅम बटाटे आणि एक किलो चारशे ग्रॅम कांद्याचा हिशेब तोंडी, बिनचूक करून सुटे पैसे परत देत होती; पण त्याहून सोपी गणिते पुस्तकी रीतीने कागदावर मांडून दिली की अडखळत होती. शाळेत नियमित जाणाऱ्या, बाजाराशी संबंध नसलेल्या मुलांचे याच्या बरोबर उलट झाले. आमच्या वर्गात वडिलांच्या अडतीवर पहाटे चार वाजल्यापासून पट्ट्या लिहिणारा मुलगा जमाखर्चाच्या पेपरात नापास होतो, तेव्हा आम्ही शिक्षक 'अभ्यास करत नाही' असे म्हणून मोकळे होतो. मीही असे अनेकदा म्हटले आहे, आणि त्याचे मला वाईट वाटते.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की, कौशल्य एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे हे स्वतंत्र काम आहे. ते शिक्षकाला मुद्दाम घडवून आणावे लागते आणि त्याच्या रीती आहेत. या रीती माहीत असल्याशिवाय 'संवाद कौशल्ये' या नावाचा पेपर वेळापत्रकात घातला, तर मुले संवादाची व्याख्या, प्रकार आणि अडथळे पाठ करतात, दोन क्रेडिट मिळवतात, आणि बँकेत गेल्यावर पैसे भरण्याची चिठ्ठी शेजारच्याकडून लिहून घेतात.

आता प्रत्यक्षात हा पेपर कोणाला मिळतो ते पाहू. अनेक महाविद्यालयांत कौशल्याचा विषय कोणी शिकवायचा, हे ज्याचा कार्यभार दोन तासांनी कमी पडतो त्यावरून ठरते. एका वर्षी तो अर्थशास्त्राकडे असतो, पुढच्या वर्षी भूगोलाकडे जातो, तिसऱ्या वर्षी तासिका तत्त्वावर नव्याने आलेल्या तरुण सहकाऱ्याकडे. त्यामुळे ज्याने वर्षभर धडपडून चार गोष्टी जमवल्या त्याच्याकडून विषय जातो आणि त्या चार गोष्टीही जातात. तासिका तत्त्वावरील शिक्षकाला तर वर्गात घेतलेल्या तासाचेच मानधन मिळते; मुलांचे लेखन तपासणे, त्यांच्याशी एकेकट्याने बोलणे, पतसंस्थेत किंवा कारखान्यात जाऊन त्यांचे काम पाहणे, यांतले काहीच त्याच्या देयकात येत नाही. ज्या कामाचा मोबदला नाही ते त्याने स्वतःच्या पदरचे घालून करावे, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

प्रशिक्षण होत नाही असे मी म्हणणार नाही. विद्यापीठांमधील पूर्वीची मानव संसाधन विकास केंद्रे २०२३ मध्ये मदन मोहन मालवीय यांच्या नावाच्या शिक्षक प्रशिक्षण केंद्रांत रूपांतरित झाली, आणि त्यांच्या कार्यक्रमासाठी जे आठ विषय ठरवले गेले त्यांत कौशल्यविकास हा एक आहे. आराखडा चांगला आहे. परंतु मी स्वतः ज्या एका कार्यशाळेला ऑनलाइन बसलो होतो (संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही), तिथे दोन दिवसांत पाच व्याख्याने झाली. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली दहा जीवनकौशल्ये तीन वक्त्यांनी तीन वेळा वाचून दाखवली, आणि शेवटी अभिप्रायाचा अर्ज भरल्यावर प्रमाणपत्र आले. एकाही वक्त्याने 'मी माझ्या वर्गात हा तास असा घेतला, मुलांनी असे लिहिले, इथे माझे चुकले' असे काही दाखवले नाही. पोहायला शिकवायचे तर प्रशिक्षकालाही कधीतरी पाण्यात उतरावे लागते. शिक्षकांच्या प्रशिक्षणात नेमके तेवढेच राहून जाते.

गेली दोन वर्षे मी एक साधा पाठ घेतो आहे, त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. मुलांच्या हातात तीन कागद देतो. एक, बँकेने ग्राहकांना पाठवलेली केवायसीची सूचना. दुसरा, नगरपंचायतीची पाणीपट्टीची नोटीस. तिसरा, अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकातले एक पान. प्रत्येक कागदाला चारच प्रश्न विचारायचे: हे कोणासाठी लिहिले आहे, त्याने काय करावे असे म्हटले आहे, कधीपर्यंत, आणि न केल्यास काय होईल. पहिल्या दोन कागदांची उत्तरे मुले दहा मिनिटांत देतात. तिसऱ्या कागदापाशी वर्ग थांबतो, कारण पुस्तकातले पान कोणाला काहीच करायला सांगत नाही. मग कोणीतरी म्हणते, "सर, इथे 'काय करावे' नाहीये, इथे 'काय पटवून घ्यावे' आहे." त्या क्षणी त्या मुलाला सारांश म्हणजे काय हे कळलेले असते, आणि ते मी सांगितलेले नसते. त्याच आठवड्यात मी त्यांना घरी आलेला कोणताही सरकारी कागद घेऊन यायला सांगतो. पीकविम्याची पावती येते, रेशन दुकानाचे पत्रक येते, आजीच्या पेन्शनचे पत्र येते. एका मुलीने आणलेल्या पत्रावरून तिच्या घरी कळले की हयातीचा दाखला द्यायचा राहिला होता.

हा पाठ चांगला होतो, पण तो किती वेळ खातो हेही सांगितले पाहिजे. ६२ मुलांच्या प्रत्येकी एका पानावर, म्हणजे 'हे वाक्य कोणाला उद्देशून आहे ते कळत नाही' किंवा 'तारीख वर घे' अशा दोन ओळींचा शेरा लिहायला, मला चार तासांहून अधिक वेळ लागला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन करायचे असते. त्या सोळा तासांत माझ्या या पेपरचे दोन तास धरले जातात, शेऱ्यांचे चार तास कुठेच धरले जात नाहीत. आणि कौशल्य शिकवण्याचा खरा भाग शेऱ्यातच असतो. सुतार शिकाऊ मुलाला रंधा कसा धरावा हे एकदा सांगतो, पण तो शिकतो ते उस्तादाने शंभर वेळा मनगट सरळ करून दिल्यामुळे.

भाषेविषयीही स्पष्ट बोलायला हवे. संवादकौशल्य म्हणजे इंग्रजीतून बोलता येणे, अशी एक समजूत महाविद्यालयांत आणि पालकांत घट्ट बसली आहे, आणि बाहेरून बोलावलेले पुष्कळसे प्रशिक्षकही हस्तांदोलन कसे करावे व मुलाखतीला काय घालावे यावर तास खर्च करतात. इंग्रजी यायलाच हवे, त्याबद्दल दुमत नाही. परंतु ज्या मुलाला स्वतःच्या भाषेत अधिकाऱ्याला नेमका प्रश्न विचारता येत नाही, फोनवर आपले नाव, काम आणि अडचण तीन वाक्यांत सांगता येत नाही, त्याला ते इंग्रजीत अचानक येऊ लागेल हे संभवत नाही. या विषयाचे साहित्य मात्र बहुतांश इंग्रजीत, आणि तेही महानगरी कार्यालयांतल्या उदाहरणांनी भरलेले. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा प्रसंग, बाजार समितीतला, ग्रामसभेतला, औषधाच्या दुकानातला प्रसंग घेऊन मराठीत तयार केलेले सराव शिक्षकाला कोणी आयते दिले, तर त्याची निम्मी वाट सोपी होईल.

हे आपल्याकडे कधी झालेच नाही असे नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेतील 'कमवा आणि शिका' ही परंपरा आमच्या जिल्ह्याला सांगायला नको. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाने माध्यमिक शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा जो अभ्यासक्रम उभा केला, त्यात अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे विभाग आहेत आणि मुले गावाच्या खऱ्या उपयोगाची कामे करत शिकतात. खिडकीची जाळी करताना माप चुकले तर जाळी बसत नाही, आणि म्हणून मापन शिकावेच लागते. मला तिथले विशेष वाटते ते असे की, शिकवणाऱ्यांत गावातलेच काम जाणणारे निदेशक असतात. महाविद्यालयांनीही रोखपाल, कृषी सहायक, परिचारिका, गॅरेजचा मालक यांना 'पाहुणे व्याख्याते' म्हणून भाषणाला बोलावण्याऐवजी, शिक्षकासोबत बसून दोन सराव तयार करण्यासाठी बोलवायला हवे.

रविवारच्या समंत्रण सत्रात मला याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ ची, आणि तिथे येणारे विद्यार्थी काम करता करता शिकणारे. माझ्याकडे एक अंगणवाडी सेविका पदवीसाठी येत होत्या. चाळीस मुलांची वजने, लसीकरण, पोषण आहार, गृहभेटी, सगळ्या नोंदी त्या बिनचूक ठेवत आणि महिन्याचा अहवाल वेळेत देत. परंतु 'नियोजनाचे टप्पे स्पष्ट करा' या प्रश्नाला त्यांची उत्तरपत्रिका जवळजवळ कोरी होती. मी त्यांना विचारले, "बाई, तुम्ही महिन्याच्या पहिल्या तारखेला काय काय करता ते नुसते सांगा." त्यांनी सांगितले, मी फळ्यावर लिहीत गेलो, आणि लिहून झाल्यावर पुस्तकातले सहाच्या सहा टप्पे फळ्यावर होते. त्या बराच वेळ फळ्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे हे मला येतंय की, सर," एवढेच म्हणाल्या. कामावरची कौशल्ये अभ्यासात आणण्यासाठी समंत्रकाने विचारायचा हा एक प्रश्न आहे. पण तो विचारायचा असतो हे मला अकराव्या वर्षी, योगायोगाने समजले. पहिल्या वर्षी कोणी सांगितले असते तर मधल्या दहा वर्षांत किती जण परीक्षा अर्धवट सोडून गेले नसते, हा विचार मनातून जात नाही.

म्हणून विद्यापीठांना आणि उच्च शिक्षण विभागाला माझी विनंती अशी आहे. कौशल्याचा पेपर ज्या शिक्षकाकडे दिला जाईल त्याच्याकडे तो किमान तीन वर्षे राहू द्यावा. एका तालुक्यातल्या किंवा शेजारच्या दोन तालुक्यांतल्या महाविद्यालयांतील अशा शिक्षकांनी महिन्यातून एकदा, अर्धा दिवस, एकमेकांच्या महाविद्यालयात जमावे. तिथे व्याख्यान नको, एकाने प्रत्यक्ष तास घ्यावा, बाकीच्यांनी मागे बसून पाहावे आणि नंतर मुलांच्या वह्या समोर ठेवून बोलावे. ही बैठक सेवा-प्रशिक्षणात धरली जावी, म्हणजे तिला येण्यासाठी कोणाला रजा मागावी लागणार नाही. मुंबई, पुणे, नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर येथील प्रशिक्षण केंद्रांनी या गटांत तयार झालेले सराव विषयवार गोळा करून, तपासून, मराठीत सर्वांना खुले करावेत. लेखन तपासण्याचा आणि शेरे देण्याचा वेळ कार्यभारात मोजला जावा, आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकाला त्याचे मानधन मिळावे. यात खर्च आहे, हे मला कळते; तरीही तो इमारतींच्या आणि स्मार्ट फळ्यांच्या खर्चाच्या मानाने फार मोठा नाही.

कार्यप्रशिक्षणाबद्दल एक स्वतंत्र सूचना करावीशी वाटते. चार क्रेडिट म्हणजे १२० तास विद्यार्थी बाहेर काम करतो आणि शेवटी हजेरीचा दाखला व एक अहवाल देतो. अहवालाची पहिली पंधरा पाने त्या संस्थेचा इतिहास आणि संचालक मंडळाची यादी यांनी भरलेली असतात. त्याऐवजी आठवड्याला एकच पान मागावे आणि त्यावर दोनच प्रश्न असावेत: वर्गात शिकलेले काय या आठवड्यात इथे उपयोगी पडले, आणि इथे असे काय शिकलास जे वर्गात कोणी सांगितले नव्हते. शिक्षकाने महिन्यातून एकदा तिथे जाऊन विद्यार्थी आणि त्याचे काम पाहणारी व्यक्ती या दोघांसोबत ते पान समोर ठेवून वीस मिनिटे बसावे. मी हे यंदापासून सुरू केले आहे. पहिल्याच फेरीत एका मुलाने लिहिले होते, 'वर्गातले काही उपयोगी पडले नाही.' आम्ही तिघे बसलो तेव्हा निघाले की, तो रोज मालाच्या नोंदी 'आधी आलेला आधी बाहेर' या रीतीने करत होता. त्याला हे परिव्ययाच्या (कॉस्टिंगच्या) पेपरातलेच आहे असे वाटलेच नव्हते.

माझ्या सरावांची वही आता चौदा पाठांची झाली आहे. त्यांतले तीन अजून नीट जमत नाहीत, विशेषतः गटात काम वाटून घेण्याचा, कारण दोन मुले काम करतात आणि चार जण सही करतात, आणि यावरचा उपाय मला सापडलेला नाही. ज्या शिक्षकांना तो सापडला असेल त्यांनी आपल्या पत्रातून लिहावे, ही विनंती. आमचा हा तास दर गुरुवारी साडेअकराला असतो. प्राचार्यांची मी परवानगी घेतली आहे. परिसरातील कोणत्याही महाविद्यालयातील शिक्षकाने यावे, मागच्या बाकावर बसावे, आणि तास संपल्यावर माझे काय चुकले ते सांगावे.

आपला विश्वासू,
वाणिज्य विषयाचा एक प्राध्यापक,
जि. सातारा